गणंग

प्रयोग शर्वरी मुजुमदारचा आहे, हे संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच की काय, पृथ्वीच्या कक्षेतल्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या प्रयोगांची निवड जाहीर झाली आणि प्रमुख संशोधक म्हणून एकट्या डॉ. प्रतिभा सबनीस यांचं नाव आलं, तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसरं कुणीतरी विचारेल.

शेवटी शर्वरीनेच विचारलं.

"ताई, माझं नाव?"

प्रतिभाताई चहात बिस्किट बुडवत होत्या. "अगं, त्यांना एकच नाव हवं होतं. मी म्हटलं, डबा माझा आहे, माझंच टाका. तू आहेसच की टीममध्ये."

"टीममध्ये म्हणजे कुठे?"

"खालचा डबा तुझा. वरचा मी बघते." बिस्किट तुटून चहात पडलं. चमच्याने ते काढत त्या म्हणाल्या, "आणि असा चेहरा नको करूस. लोक काम बघतात, नाव नाही."

डबा खरोखरच प्रतिभाताईंचा होता. त्या वनस्पतिशास्त्राच्या नव्हत्या. वजनरहित अवस्थेत पाणी कसं वागतं, हा त्यांचा विषय. तिथे पाणी खाली पडत नाही. लागेल तिथे चिकटतं, नाहीतर गोळा होऊन तरंगत राहतं. ते पाणी प्रत्येक बीपर्यंत नेमकं पोचवणारा, जाडजूड पुस्तकाएवढा डबा त्यांनी तयार केला होता. कप्प्याची कळ फिरवली की पाणी आत जाई आणि कॅमेरा फोटो काढू लागे. काम उत्तम होतं, हे शर्वरीही मान्य करत असे.

पण त्या डब्यात काय ठेवायचं आणि कशासाठी, हे सगळं शर्वरीचं होतं. मुळाला 'खाली' कुठे आहे हे गुरुत्वाकर्षणामुळे कळतं. जिथे खाली-वर असं काही नाहीच, तिथे मूळ कुठे वळेल? तिचं म्हणणं होतं, ज्या पिकाच्या पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या जमिनीत पाणी हुडकण्यात गेल्या, त्याचं मूळ पाण्याकडे वळेल. म्हणून मटकी. बी लहान, एका दिवसात मोड येतात, आणि पुढेमागे वर महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना काहीतरी ताजं खायला मिळेल. आठ वर्षं तिने यावर काढली होती. त्यातली पहिली काही वर्षं लोक नुसते हसत होते.

प्रतिभाताई आल्या त्या नंतर. त्यांचे यजमान ब्रिगेडियर श्यामसुंदर सबनीस यांची कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला बदली झाली आणि पुण्याच्या संस्थेतून त्या इथे प्रतिनियुक्तीवर आल्या. शर्वरीला आनंद झाला होता. तिचं घराणं तीन पिढ्या कोलकात्यात, आडनाव मुजुमदार, त्यामुळे सगळे तिला बंगाली समजत. ऑफिसात मराठी बोलायला माणूस मिळालं, याचंच तिला अप्रूप. पहिल्याच आठवड्यात ती प्रतिभाताईंना म्हणाली होती, "बियांनी पाणी खाल्लं की बघायला या."

"खाल्लं?" प्रतिभाताई हसत सुटल्या होत्या. "अगं, पितात गं पाणी! खातात काय?"

बंगालीत पाणी खातात, चहाही खातात. शर्वरी बेहालाच्या गल्लीत वाढली होती. तिच्या मराठीत असं काहीबाही शिरत असे. प्रतिभाताईंनी तो विनोद फोर्ट विल्यमच्या प्रत्येक जेवणात सांगितला. शर्वरीही तेव्हा सोबत हसली होती.

नाव गेलं त्यानंतरच्या संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम होता. शर्वरी आईला घेऊन गेली होती. बँकेत बदलीवर आलेले उदय कानडे तिथे मोठ्याने म्हणाले, "काय शर्वरी, तुमची मटकी चालली म्हणे अंतराळात! पण बातमीत तुमचं नाव कसं नाही?"

उत्तर प्रतिभाताईंनी दिलं.

"अहो, मूठभर मटकी घेतली तरी त्यात एखादा गणंग असतोच. कितीही भिजवा, मोड म्हणून येत नाही. त्याला कोण मोजतं?"

लोक हसले. काही जण शर्वरीकडे बघून हसले, काही न बघता. प्रतिभाताईंनी तिच्या हातावर तिळगुळ ठेवला. "गंमत गं. गोड बोल."

घरी येताना, ऑटो तारातला चौकात आल्यावर आई, शकुनबाई, म्हणाली, "तिने आयुष्यात कधी मटकी भिजवली नसणार."

"का?"

"पुण्यात मोड आलेली पिशवीतून मिळते. ती गणंग म्हणाली तेव्हा नुसती शिवी देत होती. गणंग दाताखाली आला असता, तर अशी मिटक्या मारत नसती बोलली."

शकुनबाईंच्या घरी मटकी मारवाड्याच्या दुकानातून यायची. रात्री भिजत घालायची, सकाळी ताटात पसरायची, फुगलेली फडक्यात बांधायची. जे दाणे जसेच्या तसे बारीक आणि टणक राहिले, ते वेचून टाकायचे. तेच गणंग. सुकी मटकी समोर असताना त्यातला गणंग कोणता, हे कुणालाही सांगता येत नाही. त्याची साल पाण्याला आत घेतच नाही. शर्वरीने प्रयोगशाळेत त्यावर उपाय काढला होता. बारीक कानशीने प्रत्येक दाण्याच्या सालीवर एक ओरखडा. तेवढ्या वाटेने पाणी आत जातं आणि गणंगालाही मोड येतो. आजवरच्या सगळ्या चाचण्यांमध्ये बिया तिनेच तयार केल्या होत्या, आणि सगळ्या उगवल्या होत्या. इतक्या वर्षांत हे तिच्या हाताला एवढं सवयीचं झालं होतं, की प्रस्तावात तिने नुसतं 'तयार बिया' एवढंच लिहिलं होतं.

मार्चमध्ये प्रतिभाताईंनी वरच्या डब्यासाठीच्या बिया हवाबंद काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांवर ठेवल्या.

"तुमच्या या हवेत चपलांना बुरशी येते," त्या म्हणाल्या. "बियांचं काय होईल!"

उड्डाण पुढे गेलं. मग आणखी पुढे. बिया बरणीत वाळत राहिल्या. मटकी जितकी वाळते तितकी तिची साल घट्ट मिटते, हे शर्वरीला माहीत होतं. त्यात काळजीचं काही नव्हतं. ओरखडा दिला की झालं.

डबा दक्षिणेतल्या केंद्रावर न्यायची वेळ आली तेव्हा प्रतिभाताई स्वतः निघाल्या. तिथल्या स्वच्छ खोलीत बिया डब्यात बसवायच्या होत्या. शर्वरीने दारातून विचारलं, "तिकडे बिया कोण तयार करणार आहे?"

प्रतिभाताई फोनवर कुणाला तरी मुलाखतीची वेळ देत होत्या. फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "तयार म्हणजे काय गं? धुवायच्या, निर्जंतुक करायच्या. धुवायला काय पीएचडी लागते?"

शर्वरी उभी राहिली. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"अजून काही?" प्रतिभाताई म्हणाल्या.

"नाही," शर्वरी म्हणाली. "सांभाळून जा."

खालच्या डब्याचं काम असं असतं: जे वर जातं त्याचं तंतोतंत जुळं जमिनीवर ठेवायचं. तेच तापमान, तोच प्रकाश, त्याच बिया. फरक फक्त गुरुत्वाकर्षणाचा. वर काय झालं याचा अर्थ खालच्यावरून लावायचा. शर्वरीने खालच्या डब्यासाठी त्याच बरणीतल्या बिया घेतल्या आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकीवर ओरखडा दिला. तिला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नको असंही नाही. दोन डबे आता जुळे राहिले नव्हते, हे जगात फक्त तिला माहीत होतं.

त्या दिवशी जेवताना तिने आईला सांगितलं. शकुनबाईंनी आमटीचा डाव खाली ठेवला.

"मग तुझी आठ वर्षं?"

"ती तिने घेतलीच आहेत. आता तिच्याकडे आहेत तिथेच जळू देत."

"आणि ती वर जाणारी पोर? तिने तुझं काय घोडं मारलंय?"

शर्वरीने भात कालवला.

ती पोर म्हणजे डॉ. यामिनी पांढरीपांडे, मूळ नागपूरची, सैन्यातली डॉक्टर, आणि या मोहिमेतली एकमेव भारतीय. प्रशिक्षणासाठी ती कोलकात्याला येऊन गेली होती. प्रतिभाताई कॅमेऱ्यांसमोर होत्या, त्यामुळे कळ किती हळू फिरवायची, कप्पा धुरकट झाला तर काय करायचं, हे सगळं तिला शर्वरीने शिकवलं होतं. यामिनीने तेव्हा दहादा तेच तेच करून पाहिलं होतं. "मॅडम, वर माझ्या हातून चुकलं तर तुम्ही तिथे येऊन कान धरू शकणार नाही. आत्ताच धरा," असं म्हणाली होती.

वर पोचल्यावर ठरल्या दिवशी तिने पहिल्या सहा कप्प्यांच्या कळा फिरवल्या. दोन दिवसांनी कोलकात्याच्या संस्थेतल्या छोट्या खोलीत तिचा आवाज आला. अधिकृत भाषा इंग्रजी होती, पण समोर या दोघीच आहेत म्हटल्यावर ती मराठीवर आली.

"मला दोनच मोड दिसताहेत. बाकीची मंडळी झोपलीत."

"पाणी पोचलंय का?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"पोचलंय. प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचं चकचकीत कडं आहे. सुंदर दिसतंय, खरं तर. पण दाणे फुगलेच नाहीत. ठेवले तेव्हा होते तसेच, बारीक."

शर्वरीला ते डोळ्यांसमोर दिसलं. पाण्याच्या मधोमध बसलेले, पाणी आत न घेणारे दाणे.

"दुसरे सहा कप्पे अजून कोरडे आहेत," यामिनी म्हणाली. "त्यांच्यासाठी इथून काही करता येईल का? बंद पेटीत हात घालून काम करायची सोय आहे. चिमटा आहे, बारीक कानस आहे. उद्या माझी सुट्टी आहे. ती मी देईन."

कानस, असं ती स्वतःच म्हणाली होती. सहा कप्प्यांतल्या दाण्यांना एकेक ओरखडा, म्हणजे एका दुपारचं काम. प्रयोग वाचला असता, मुळं पाण्याकडे वळतात की नाही ते कळलं असतं. आणि प्रतिभाताईही वाचल्या असत्या.

"काहीही करायचं नाही," प्रतिभाताई म्हणाल्या. "चालू प्रयोगात हात घालायचा नसतो. काही न घडणं हाही निष्कर्षच असतो, यामिनी."

"शर्वरी मॅडम, तुम्ही आहात ना तिथे? तुम्हाला काय वाटतं?"

शर्वरीने माइक जवळ ओढला.

"डॉ. सबनीस प्रमुख आहेत. त्या म्हणतील तसं."

क्षणभर नुसती खरखर आली. मग यामिनी म्हणाली, "ठीक आहे. कळलं."

पलीकडच्या टेबलावर खालचा डबा होता. त्यात एकूण एक दाण्याला मोड आले होते. प्रतिभाताई वाकून बघत राहिल्या आणि वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"अगं, बघ तरी! खाली जंगल, वर वाळवंट. गुरुत्वाकर्षण नसेल तर बी जागीच होत नाही! कुणी म्हटलं नव्हतं हे आजवर. हे केवढं मोठं आहे, कळतंय का तुला?"

"कळतंय," शर्वरी म्हणाली.

दुसरे सहा कप्पेही तसेच राहिले. प्रतिभाताईंनी थांबायला हवं होतं. बरणीतल्या उरलेल्या बिया पाण्यात टाकून बघायच्या, एवढंच करायला हवं होतं. पण त्यांना शंका आली नाही, कारण खालचा डबा हिरवागार होता, आणि तो शर्वरीने केला होता. शर्वरीच्या कामात चूक नसते, हे त्या जाणून होत्या. वर्तमानपत्रांत आलं, वाहिन्यांवर आलं. मटकीचा दाणा बोटांत धरलेला त्यांचा फोटो आला. नोव्हेंबरात कोलकात्यात परिषद ठरली. निवड समितीचे अध्यक्ष डॉ. सान्याल येणार होते, परतलेली यामिनीही येणार होती. प्रतिभाताईंनी भाषणाला नाव दिलं होतं, 'पाणी खाणारी मटकी'. कुणी कौतुक केलं की त्या सांगत, "सुचलं असंच."

शर्वरीने भांडारातून बरणीतल्या उरलेल्या बिया मागून घेतल्या. रीतसर, सही करून. परिषदेच्या आदल्या दिवशी दोन काचेच्या वाडग्यांत त्या भिजत घातल्या. एका वाडग्यातल्या जशा होत्या तशा, दुसऱ्यातल्या ओरखडा दिलेल्या.

भाषण चांगलं झालं. टाळ्या झाल्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा शर्वरी उठली आणि दोन्ही वाडगे घेऊन थेट मंचाकडे गेली.

"माझा प्रश्न नाही," ती म्हणाली. "मी बिया आणल्यात. वर गेलेल्या बियांच्याच बरणीतल्या. कालपासून पाण्यात आहेत. इथे, कोलकात्यात, जमिनीवर."

डॉ. सान्याल पुढे वाकले. एका वाडग्यात मोडांची दाटी होती. दुसऱ्यात तळाशी बारीक, तपकिरी दाणे बसले होते. त्यांनी एक उचलून नखाने दाबला, मग टेबलावर टाकला. खडा पडावा तसा आवाज आला.

"हे गणंग," शर्वरी म्हणाली. बाकीचं ती इंग्रजीत बोलत होती, हा एक शब्द मराठी. "फार वाळवलं की मटकीची साल पाणी घेत नाही. सालीवर ओरखडा द्यावा लागतो. खालच्या डब्यातल्या बियांना मी दिला होता. वरच्या बियांना कुणी दिला नाही. गुरुत्वाकर्षणाचा याच्याशी काही संबंध नाही." मग ती पोडियमकडे वळली. "डॉ. सबनीसांना शब्द माहीत आहे. मंडळात वापरतात त्या."

प्रतिभाताईंनी पोडियमची कड धरली होती. त्या मराठीतच बोलल्या, माइक चालू असल्याचं विसरून. "लिहिलं का नाहीस तू? सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं मी, बिया कोण तयार करणार म्हणून. तुम्ही म्हणालात, धुवायला काय पीएचडी लागते."

मागच्या रांगेत, मराठी कळणारं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

यामिनी पहिल्या रांगेत होती. परतून काही आठवडेच झाले होते, अजून ती पायरी बघून पाय टाकत होती. ती मंचापाशी आली. वाडग्यातला एक दाणा बोटांवर घेऊन बराच वेळ पाहिला.

"हे असेच दिसत होते," ती म्हणाली. मग शर्वरीकडे वळली. "मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं?"

'निकाल आल्यावर' असं म्हणता आलं असतं. ते खोटं ठरवणं कुणालाच शक्य नव्हतं. पण मग हे सगळं आपोआप घडलं असं झालं असतं, आणि शर्वरीला ते नको होतं.

"डबा इथून निघायच्या आधी."

"मी वरून विचारलं तेव्हा तुम्ही तिथे बसला होतात."

"होते."

"मी माझी सुट्टी देत होते."

"ऐकलं मी."

यामिनीने दाणा वाडग्यात परत ठेवला, रुमालाला बोटं पुसली आणि जागेवर न जाता सरळ बाहेर गेली. तिच्या मागे कुणी गेलं नाही.

चहाची वेळ होईपर्यंत सगळं ठरलं होतं. निष्कर्ष मागे घ्यायचा. प्रतिभाताईंनी पुण्याला परत जायचं. प्रयोग पुन्हा वर पाठवायचा का, हा प्रश्न कुणीतरी काढला. डॉ. सान्याल म्हणाले, वर काम करणाऱ्या माणसाने खालच्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो. मटकी पुन्हा जाणार नाही. हे ते शर्वरीच्या समोर, तिच्याकडे बघून म्हणाले. तिने मान हलवली.

प्रतिभाताई बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. शेजारी चहाचा कप भरलेलाच होता. शर्वरी जाताना त्यांनी हाक मारली.

"झालं समाधान?"

"हो."

"तुझंही सगळं गेलं. कळतंय ना? आता तू आणि मी सारख्याच."

शर्वरी थांबली. तिने खरोखरच विचार केला, असं वाटण्याइतका वेळ घेतला.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडून चूक झाली. मी मुद्दाम केलं."

आणि वाडगे उचलायला ती परत हॉलमध्ये गेली.